नात्याचा रकाना

रोवेनाचा फोन आला तेव्हा विमी मिस्टर हॅगर्टींच्या पायाची नखं कापत होती. नव्वदीचा म्हातारा, त्यांच्या देखभालीला ती पगारावर होती, नखं शिंगासारखी टणक, आधी अर्धा तास पाय कोमट पाण्यात भिजवावे लागायचे. भिजलेली नखं पुन्हा वाळायच्या आत काम उरकायला हवं, म्हणून तिने फोन स्पीकरवर टाकला आणि टॉवेलवर ठेवून दिला.

"ताई, झाली व्हिसाची मुलाखत," रोवेना म्हणाली. ती मनिलाहून बोलत होती, नवरा दोदोंग आणि मुलगी ट्रिक्सी बरोबर होते. मागे गाड्यांचा गोंगाट होता.

"काय म्हणाले?"

"साहेब बरा होता, हसत होता. दोदोंगला विचारलं, तिकडे जाऊन काय करणार, तर हा म्हणतो वेल्डिंग. ट्रिक्सीला विचारलं तर तिचं आपलं फाडफाड इंग्रजी. सगळं नीट झालं. मग त्याने आपल्या दोघींचे जन्माचे दाखले शेजारी शेजारी ठेवले आणि म्हणाला, तुमच्या जन्माच्या वेळी आईचं वय एकोणपन्नास होतं का?"

विमीने करंगळीचं नख कापलं. "मग?"

"मी म्हटलं, हो. तो म्हणाला, असतं तसं कधीकधी. आणि एक कागद दिला. आपल्या दोघींची डीएनए तपासणी. गालाच्या आतून कापसाने पुसून घेतात म्हणे. आपण सख्ख्या बहिणी आहोत का ते बघायला. सक्ती नाही म्हणाला, पण केली नाही तर व्हिसाही नाही."

"दुखत नाही ना त्याने?" विमीने विचारलं. हेच का विचारलं, देव जाणे.

"नाही दुखत. तुझं तिकडे घेतील, माझं इकडे. तीन महिन्यांची मुदत आहे." रोवेना जरा थांबली. "तू ठरव, ताई."

"बरं," विमी म्हणाली. फोन बंद झाला. मिस्टर हॅगर्टींनी विचारलं, कोण होतं. ती म्हणाली, बहीण. मग तिने दुसरा पाय पाण्यातून उचलून मांडीवर घेतला.

ज्याला आतली गोष्ट माहीत आहे त्याच्या पोटात एव्हाना गोळा आला असता. विमीच्या पोटात गोळाबिळा काही आला नाही. तिला काही होणंच बंद झालं होतं, त्याला चाळीस वर्षं झाली. ल्युझविमिंडा हे तिचं पूर्ण नाव, सगळे विमी म्हणत. अमेरिकेतल्या व्हालेहोच्या फिलिपिनो वस्तीत तिची ख्याती अशी, की बाई खंबीर. नवरा सिरिलो गेला तेव्हा तिने दफनाला आलेल्या शंभर माणसांना स्वतः वाढलं. लोक म्हणाले, काय धीराची आहे. धीर कसला डोंबलाचा! धीर धरायला आधी काहीतरी वाटावं लागतं.

तर आतली गोष्ट ही, की रोवेना तिची बहीण नव्हती, मुलगी होती.

साल ब्याऐंशी. इलोइलोपासून जीपनीने दोन तासांवर आमचं तिगबायोग गाव. कालव्याची मापं घ्यायला शहरातून एक माणूस आला होता. मापं घेऊन झाली आणि तो गेला. विमीला सतरावं लागलं होतं. नानायने, म्हणजे तिच्या आईने, फेलिसितासने, लेकीला मारलं नाही, शिव्या दिल्या नाहीत. तिने विमीला बाकोलोदला मावशीकडे धाडून दिलं, आणि इकडे स्वतः चर्चला जाताना झग्याच्या आत चादरीची घडी बांधायला लागली. दर महिन्याला घडी थोडी जाड. नवरा जहाजावर खलाशी, वर्षातून एकदा घरी यायचा, त्यामुळे तारखा बसत होत्या. एका मुलीवर थांबलेली एकोणपन्नास वर्षांची बाई पुन्हा बाळंत झाली. विमीला दिवस भरताना रात्रीतून गुपचूप घरी आणलं होतं, दाई नात्यातलीच. तिने सांगितलं तसं कारकुनाने लिहून घेतलं: आईचं नाव, फेलिसितास.

गावाने विश्वास ठेवला का? छे हो. सगळं गाव त्या चादरीच्या घडीकडे बघून देवाची कृपा म्हणायचं आणि घरी जाऊन पोट धरून हसायचं. पण तोंडावर कुणी बोललं नाही. पोरीचं लग्न व्हायला हवं, बाळाला नाव हवं, एवढं आमच्याकडे सगळ्यांना कळतं. असे दाखले आमच्याकडे ढिगाने निघतील. आजी आई होते, मामी आई होते, आणि खरी आई ताई होऊन बाळाला झोका देते. कुणाचं काही बिघडत नाही. बिघडतं ते पुढे केव्हातरी, सातासमुद्रापारचा कुणी साहेब ते दोन दाखले शेजारी शेजारी ठेवतो तेव्हा.

विमीला दूध आलं होतं. नानायने छातीला कोबीची पानं बांधून ते आटवलं. आठ दिवस लागले. बाळ पलीकडच्या खोलीत बाटलीने प्यायचं आणि विमी छताकडे बघत पडून राहायची. तिचं वाटणं बंद झालं ते बहुधा त्याच आठवड्यात.

पुढे सिरिलो भेटला. अमेरिकन नौदलात आचारी, गावातल्या जत्रेला सुट्टी घेऊन आलेला. माणूस वाईट नव्हता, पण बायको कोरी हवी, अशा समजुतीचा. लग्नाच्या कागदांवर एक प्रश्न होता, पूर्वीची मुलं किती. विमीने लिहिलं, एकही नाही. अमेरिकेचं नागरिकत्व घेताना तोच प्रश्न पुन्हा आला आणि तिने तेच उत्तर पुन्हा लिहिलं. त्या दोघांना नंतर मूल झालं नाही. सिरिलो म्हणायचा, जाऊ दे, नशीब.

नव्याण्णव साली घर झालं, बस्तान बसलं, आणि विमी म्हणाली, रोवेनाला आणू या. तोपर्यंत रोवेना सतरा वर्षांची झाली होती. दोघं अटर्नी, म्हणजे वकील, बुएनावेंतुरांकडे गेले. बेकरीच्या वरच्या मजल्यावर त्यांचं ऑफिस, अर्ध्या वस्तीची ग्रीन कार्डं त्या जिन्यावरून वर गेलेली. अटर्नी टाइपरायटरपुढे बसले. नाव, जन्मतारीख, गाव. मग बोटं थांबवून ते म्हणाले, "नातं?"

"बहीण," सिरिलो म्हणाला.

"तुमच्यात सतरा वर्षांचं अंतर? मुलगीच म्हणा हो, वहिनी. मुलगी असेल तर पुढच्या नाताळात आणून देतो. बहीण म्हणालात तर ही रांग वीस वर्षांची. पोरीचे केस पिकतील."

गंमतच करत होते. सिरिलो मोठ्याने हसला. विमीपण हसली. त्या हसण्यात किती वेळ गेला असेल? एक मिनिट धरा. त्या मिनिटात तिला बोलता आलं असतं. सिरिलोने घराबाहेर काढलं असतं, कदाचित नसतंही काढलं. नानायची गावात शोभा झाली असती, ती तर आधीच झालेली होती. विमीला हे सगळं समोर दिसत होतं, एखाद्या दुसऱ्याच बाईचं काहीतरी चाललंय असं. अटर्नींनी वाट पाहिली आणि मग टाइप केलं. बहीण.

रांग वीस नव्हे, तेवीस वर्षं चालली. मधल्या काळात नानाय गेली, मग सिरिलो गेला. रोवेना शिक्षिका झाली, तिचं लग्न झालं, मुलगी झाली, ती मुलगी नर्सिंगला गेली. आणि आता हे कापसाचं निघालं.

विमी पुन्हा त्या जिन्याने वर गेली. अटर्नी आता पंचाहत्तरीचे, डबा उघडून जेवायला बसले होते. तिने खुर्ची ओढली आणि सगळं सांगून टाकलं, मिस्टर हॅगर्टींचा रक्तदाब सांगावा तसं. अटर्नींनी चमचा खाली ठेवला.

"मी तेव्हा विचारलं होतं," ते म्हणाले.

"हो."

"सिरिलो शेजारी होता."

"हो."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "ऐका वहिनी. तपासणी केलीत तर निघणार मायलेकी. म्हणजे बहिणीचा अर्ज खोटा. तो तिथेच मेला, वर तुमची जुनी कागदपत्रं उघडतील ती वेगळी. दोनदा लिहिलंयत तुम्ही, मूल नाही म्हणून. नागरिकत्व काढून घेतीलच असं नाही, पण घेऊ शकतात. त्यापेक्षा अर्ज मागे घ्या. म्हणा, विचार बदलला. कुणी काही विचारत नाही."

"आणि मुलगी म्हणून नवा भरला तर?"

"लग्न झालेली मुलगी ना? बावीस वर्षं. जुनी वर्षं धरत नाहीत. आणि बावीस वर्षं तुम्हाला जगावं लागेल, अर्जदार गेला की अर्ज गेला. तो भरण्यात काही अर्थ नाही, उगाच स्वतःच्या हाताने पुरावा द्यायचा." त्यांनी डबा तिच्यापुढे सरकवला. "थोडं खा. पांढऱ्याफटक पडलायत."

विमीने दोन घास खाल्ले. मासळीचं आंबट कालवण होतं, मीठ कमी पडलं होतं.

फोनवर सांगता आलं असतं. रोवेना म्हणाली असती, बरं ताई. पण विमीने पंधरा दिवसांची रजा टाकली आणि विमानात बसली. मनिलापर्यंत बारा-तेरा तास. त्यात तिने एकच वाक्य मनात घोकलं. ते चार शब्दांचं होतं.

तिगबायोगला पोचली तर घरात लगीनघाई. अगं बाई, किती तयारी! मोठ्या बॅगा आणून ठेवलेल्या. दोदोंगने वेल्डिंगचं मशीन विकून टाकलं होतं, पुढच्या गावातल्या कुणा पुतण्याला. गेली वीस वर्षं या घराच्या भिंतींना गिलावा नव्हता, नुसते सिमेंटचे ठोकळे. जायचंच आहे तर खर्च कशाला? मुख्याध्यापिकेची जागा रोवेनाला दोनदा आली होती आणि तिने दोनदा नाही म्हटलं, कारण वर्षाच्या मध्ये सोडून जावं लागलं तर शाळेची पंचाईत. ट्रिक्सीने नकाशात बघून व्हालेहोच्या बसचे रस्ते पाठ केले होते. ती विमीच्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "मावशी, तुझ्या घरापासून हॉस्पिटलपर्यंत ऐंशी नंबरची बस जाते ना?"

"जाते," विमी म्हणाली. जात होती की नाही, तिला आठवेना.

शेजारणी येऊन बसल्या. ही म्हणे मला व्हिटॅमिनच्या गोळ्या पाठव, ती म्हणे माझ्या नातवाला बूट पाठव, नऊ नंबरचे, त्याचे पाय बघ कसे वाढलेत. म्हातारी कोनसिंग, जी दाईच्या शेजारी राहायची, विमीचा हात धरून बसली. मग म्हणाली, "शेवटी नेतेस म्हणायची तिला. बरं झालं. फेलिसितास बघायला हवी होती." बाकीच्या बायका एकदम बिबिंगका, म्हणजे तांदळाचा केक, किती छान झालाय त्यावर बोलायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर विमी वर्गात गेली. तिसरीचा वर्ग. रोवेना टेबलाशी वह्या तपासत बसली होती, लाल पेन हातात. मोठी खुर्ची एकच, तीही तिच्याखाली. विमी एका छोट्या खुर्चीत बसली, गुडघे हनुवटीपर्यंत आले. दोघी एकमेकींसारख्या दिसतात, हे गावाला दिसतच होतं. दाट भुवया, आणि ऐकताना खालचा ओठ आत घ्यायची सवय.

"रोवेना, ती तपासणी करता येणार नाही."

"बरं." वहीवर बरोबरची खूण झाली.

"का ते विचारलं नाहीस."

"का?"

"त्यात आपण बहिणी निघणार नाही."

"मग काय निघेल?"

विमीने बाहेर बघितलं. मैदानात कुणीतरी झेंडा उतरवून घडी घालत होतं. तेरा तास घोकलेलं वाक्य, पण तोंडातून फुटेना.

"तुला काय वाटतं?" ती म्हणाली.

"मला काय वाटतं ते राहू दे, ताई. तू सांग. चाळीस वर्षांची झाले मी."

"तू माझी मुलगी आहेस," विमी म्हणाली.

रोवेनाने आणखी एक वही ओढली. त्यात एक गणित चुकलं होतं, तिने त्याच्याभोवती गोल केला, शेजारी बरोबर उत्तर लिहिलं, वही मिटली.

"माहीत आहे मला," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"अकरा-बारा वर्षांची असेन. कोनसिंगच्या पोरीने भांडणात सांगितलं. नानायला विचारलं तर तिने थोबाडीत मारली, म्हणजे खरंच असणार. पण मी म्हटलं, गाव काय, काहीही बोलतं. कागदावर येईल तेव्हा खरं. मग नव्याण्णव साली तुझ्या अर्जाची नक्कल आली. टपाल हपिसातच तो लिफाफा मी फोडला. तेव्हा सतरा वर्षांची होते."

विमीने छोटी खुर्ची टेबलाजवळ सरकवली.

"नात्याच्या रकान्यात बहीण लिहिलं होतं. तिथला कारकून वाचून म्हणाला, अरेरे, मुलगी असतीस तर वर्षात गेली असतीस, बहिणीला जन्म जातो. मी घरी आले, नानायला कागद दाखवला. तिने दिव्याखाली धरून वाचला आणि कपाटात ठेवला. म्हणाली, ताईने बरोबर लिहिलंय. मी म्हटलं, बहीण तर बहीण."

"तेव्हा मला का नाही बोललीस?" विमीने विचारलं. "एक पत्र टाकायचंस. फोन करायचास."

"तुला सांगायचं? तुला काय, माहीत नव्हतं?"

 विमीने स्वतःच्या हातांकडे बघितलं. हात थंड होते, त्या उकाड्यातही.

"राग नाही आला तुला माझा?"

"यायचा आधी. खूप यायचा. अमेरिकेहून तुझा खोका आला की मी त्यातलं चॉकलेट खायची नाही, शेजारच्या पोरांना वाटून टाकायची. मग तोही येईनासा झाला. आता काहीच येत नाही. दोदोंग म्हणतो, तू दगड आहेस. तुझ्यावर गेलेय म्हण." ती हसलीसुद्धा, थोडंसं.

विमीला वाटलं, आता रडू यायला हवं. ती वाट बघत राहिली. रडू आलं नाही.

"अर्ज मागे घ्यावा लागेल," ती म्हणाली. "अटर्नी म्हणतात, मुलगी म्हणून नवा भरता येतो. पण त्याला बावीस वर्षं."

रोवेनाने पेनाचं टोपण लावलं. "मी बासष्टची होईन. तू एकोणऐंशीची."

"आणि मधे मी गेले तर अर्जही गेला."

"हं."

"म्हणजे त्यात काही अर्थ नाही."

रोवेना वह्या एकावर एक रचत होती. कोपरे जुळवून, सावकाश. सगळा गठ्ठा नीट झाला तरी ती कोपरे जुळवतच राहिली.

"भर तो अर्ज," ती म्हणाली.

"अगं, यायला मिळणार नाही."

"यायचं कुणाला आहे? भर म्हटलं ना. कुठल्यातरी एका सरकारी कागदावर लिहिलेलं असू दे."

नागरिकत्वाची भानगड विमीने तिला सांगितली नाही. ती एवढंच म्हणाली, बरं.

घरी रोवेनानेच सांगितलं. व्हिसा नाकारला म्हणाली, कागदात चूक होती, जुनी चूक, कुणाची नाही. दोदोंग बराच वेळ बॅगांकडे बघत उभा राहिला. मग शर्ट चढवून पुढच्या गावी गेला, पुतण्याकडून मशीन परत मिळतं का बघायला. ट्रिक्सी मात्र रडली. तिचं रडणं दोन दिवस चाललं, जेवताना, कपडे वाळत घालताना, फोन बघताना. विमी तिच्याजवळ जाऊन बसायची आणि तिच्या पाठीवर हात ठेवायची. रडणारं माणूस कसं असतं ते तिला कामामुळे माहीत होतं, हात ठेवायचा आणि बोलायचं नाही. तिसऱ्या दिवशी ट्रिक्सी म्हणाली, "मावशी, निदान तू तरी रड ना." विमीने प्रयत्न केला. खरंच केला.

जायच्या दिवशी रोवेना बसस्टँडवर आली. मिठी वगैरे मारायची दोघींनाही सवय नव्हती. रोवेनाने एका पिशवीत उकडलेली केळी दिली आणि म्हणाली, "विसरू नकोस."

व्हालेहोला आल्यावर दोन दिवसांत विमी जिना चढून वर गेली. आधी तिने जुना अर्ज मागे घेतल्याच्या कागदावर सही केली. मग म्हणाली, "आता दुसरा."

"वहिनी, मी सांगितलं होतं तुम्हाला," अटर्नी म्हणाले.

"हो, सांगितलं होतं."

"मंजुरीच्या वेळी तपासणी मागतील. तेव्हा सगळं उघडं पडेल. मग तुमचे जुने कागद."

"मागू देत."

"हाती काही लागणार नाही त्या पोरीच्या. सरळ सांगतो."

"अटर्नी, तुम्ही नातं विचारा."

म्हाताऱ्याने तिच्याकडे बघितलं. आता टाइपरायटर नव्हता, कॉम्प्युटर होता, पण ते अजून दोन बोटांनीच टाइप करायचे. नाव, जन्मतारीख, गाव. मग त्यांनी विचारलं, "नातं?"

"मुलगी," विमी म्हणाली. तिने ते जरा मोठ्याने म्हटलं. खालच्या बेकरीतल्या पोरीने वर बघितलं असेल.

महिन्याने पोचपावती आली. एक पान, वर सरकारी शिक्का, एका बाजूला अर्जदाराचं नाव, दुसऱ्या बाजूला जिच्यासाठी अर्ज तिचं नाव. त्याखाली वर्ग छापलेला होता: अमेरिकी नागरिकाची विवाहित मुलगी. शेजारी लिहिलं होतं की मंजुरी अजून मिळालेली नाही, वाट पाहावी, दरम्यान चौकशी करू नये. विमीने दुपारच्या चहाच्या सुट्टीत मागच्या पायरीवर बसून ते पान वाचलं. मग फोनवर फोटो काढला आणि रोवेनाला पाठवला. तिकडे पहाट असणार, शाळेत जायची वेळ व्हायची होती.

उत्तर लगेच आलं. "मिळालं, ताई." आणि थोड्या वेळाने दुसरं. "फोटो नको. कागदच पाठव."

अटर्नींनी बजावून सांगितलं होतं, पोचपावती जिवापाड जपा, तिच्यावर अर्जाचा नंबर आहे, नंबर हरवला तर बावीस वर्षांनी तुमची केस सापडायची नाही. दुसऱ्या दिवशी मिस्टर हॅगर्टींना दुपारची झोप लागल्यावर विमी टपालाच्या ऑफिसात गेली. तिने जाड लिफाफा मागितला, पान दोन पुठ्ठ्यांमध्ये घातलं, म्हणजे दुमडायला नको. रोवेनाचा पत्ता सावकाश, ठळक अक्षरात लिहिला.

खिडकीतल्या बाईने विचारलं, "आत काय आहे?"

विमी सांगायला गेली आणि तिला सांगता येईना.  मागे रांग होती. सत्तावन्न वर्षांची बाई काउंटरला धरून हमसाहमशी रडायला लागली, लहान पोरासारखी. खिडकीतली बाई बिचारी घाबरली आणि म्हणाली, "महत्त्वाचं असेल तर नक्कल काढून ठेवा ना. मशीन तिथेच आहे."

विमीने मानेनेच नको म्हटलं. हा कागद एकच असायचा, आणि तो रोवेनाकडे. तिने नंबर टिपून घेतला नव्हता, फोटोही तिथे उभ्या उभ्याच पुसून टाकला. मग लिफाफा खिडकीतून आत सरकवला.